५ जुलैची तारीख

भारताला स्वातंत्र्य देणारे आणि चर्चिल यांना हरवणारे पंतप्रधान, एवढीच क्लेमंट ॲटली यांची ओळख आपल्याकडे असते. ऑक्टोबर १९२८ मध्ये पुण्यात डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे साक्ष दिली, तेव्हा त्या कमिशनच्या सदस्यांत ॲटली होते, हेही फारसे कुणाला आठवत नाही. त्यांच्या ब्रिटनमधल्या कारभाराचा विषय निघाला की गाडी 'कल्याणकारी राज्य' या शब्दापाशी थांबते. मग कुणी त्या राज्याची आरती करतो, कुणी त्याने ब्रिटनचे वाटोळे केले म्हणतो. या भांडणात सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट बाजूला राहते. कायदा मंजूर झाल्यापासून तो माणसाच्या दारात पोचेपर्यंत जो काळ जातो, त्या काळात सरकारने नेमके काय केले? ॲटली सरकार जिथे यशस्वी झाले तिथे याच काळात झाले, आणि जिथे फसले तिथेही याच काळात फसले.

आरोग्य सेवेचेच पाहा. ५ जुलै १९४५ ला मतदान झाले. मोजणीला २६ जुलै उजाडला, कारण जगभर पसरलेल्या सैनिकांची मते गोळा होऊन यायची होती. ६४० पैकी ३९३ जागा मजूर पक्षाला मिळाल्या. मतदानानंतर बरोबर तीन वर्षांनी, ५ जुलै १९४८ ला, राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. कायद्यावर शिक्कामोर्तब ६ नोव्हेंबर १९४६ चे. म्हणजे कायदा हातात आल्यावर तयारीला वीस महिने मिळाले. ५ जुलैलाच नवा राष्ट्रीय विमाही लागू व्हायचा होता आणि निराधारांसाठीची मदतही. तिन्ही कायद्यांना एकच तारीख दिली, ती आधीच जाहीर केली आणि मग सगळी कामे त्या तारखेपासून उलटी मोजत आणली.

आधीची स्थिती काय होती? १९११ च्या विमा कायद्याने कामगाराला 'पॅनेल'वरचा, म्हणजे विम्याच्या यादीतला, डॉक्टर मोफत मिळे, पण फक्त त्याला. त्याच्या बायकोला नाही, मुलांना नाही. पॅनेलमध्ये रुग्णालयाचा खर्चही बसत नसे. घरात पैसा असेल तेव्हाच बाईचे दुखणे दुखणे ठरायचे. सेवा सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत दवाखान्यांत ज्या रांगा लागल्या, त्यांत वर्षानुवर्षे अंगावर काढलेली गर्भाशयाची दुखणी घेऊन आलेल्या बायका किती होत्या, याबद्दल त्या काळच्या डॉक्टरांनी लिहून ठेवले आहे. चष्म्यांचेही तसेच. आधी लोक बाजारातल्या दुकानात ढिगातून चष्मा उचलून, डोळ्याला लावून, त्यातल्या त्यात बरे दिसेल तो घेत. पहिल्या वर्षात ५२ लाखांवर चष्मे दिले गेले. तो आकडा पुढे उधळपट्टीचा पुरावा म्हणून वापरला गेला. माझ्या मते तो साचलेल्या गरजेचा पुरावा होता. धरणाचे दार उघडल्यावर पहिल्या दिवशी जेवढे पाणी येते तेवढे रोज येत नाही.

इंग्लंड आणि वेल्समधली रुग्णालये दोन प्रकारची होती. १,१४३ स्वयंसेवी रुग्णालयांत सुमारे ९० हजार खाटा होत्या. ती देणग्यांवर, रस्त्यावर कागदी झेंडे विकून जमवलेल्या पैशांवर आणि कामगारांच्या आठवड्याच्या वर्गणीवर चालत. दुसरीकडे नगरपालिकांची १,५४५ रुग्णालये होती, सुमारे ३ लाख ९० हजार खाटांची, आणि त्यांतली बरीच जुन्या 'वर्कहाउस'च्या, म्हणजे निराधार गरिबांना ठेवण्याच्या, इमारतींत भरत. युद्धात बॉम्बहल्ल्यातल्या जखमींसाठी सरकारने या सगळ्यांना एका व्यवस्थेत बांधले होते, खर्च दिला होता, पाहणी करून घेतली होती. हे विसरता येत नाही. कुठे क्ष-किरण यंत्र आहे, कुठे शस्त्रक्रियेची खोली नावालाच आहे, हे आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन खुर्चीत बसले तेव्हा खात्याला माहीत होते. (बेव्हन हे आरोग्यमंत्री आणि अर्नेस्ट बेव्हिन हे परराष्ट्रमंत्री. नावांतल्या सारखेपणाने मराठी लेखनात बऱ्याचदा गोंधळ होतो.)

बेव्हन यांनी सगळीच रुग्णालये सरकारच्या मालकीची करायचे ठरवले. मंत्रिमंडळात त्याला कडाडून विरोध केला तो उपपंतप्रधान हर्बर्ट मॉरिसन यांनी. हा विरोध पोकळ नव्हता. लंडन काउंटी कौन्सिलचे नेतृत्व करताना मॉरिसन यांच्या कौन्सिलने रुग्णालये मेहनतीने सुधारली होती. लोकांनी निवडून दिलेल्या संस्थेकडून ती काढून नेमलेल्या मंडळाच्या हाती का द्यायची, असा त्यांचा प्रश्न होता. बेव्हन यांचे उत्तर रोकडे होते. लंडन श्रीमंत आहे. कोळसापट्ट्यातल्या नगरपालिकेकडे स्थानिक कराचा पैसाच नाही, आणि नगरपालिकेच्या हाताखाली काम करायला डॉक्टर मुळीच तयार नाहीत. १९४५ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने बेव्हन यांच्या बाजूने कौल दिला आणि ॲटली त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तत्त्व म्हणून मला मॉरिसन यांचे म्हणणे पटते. पण ते स्वीकारायचे तर आधी स्थानिक स्वराज्य संस्थांची सगळी रचना बदलावी लागली असती, आणि मग १९४८ काय, १९५८ ही उजाडले असते.

या निर्णयाची किंमत मात्र मोजावी लागली. रुग्णालये १४ विभागीय मंडळांकडे गेली. डॉक्टर, दंतवैद्य, औषधविक्रेते वेगळ्या समित्यांखाली राहिले. बाळंतपणाची सेवा, लसीकरण, घरी येणारी परिचारिका, रुग्णवाहिका ही कामे नगरपालिका-काउंटीकडे राहिली. एकाच रुग्णाचे तीन मालक. मांडीचे हाड मोडलेली म्हातारी बाई रुग्णालयातून बरी होऊन निघाली, तरी घरी तिची मलमपट्टी कुणी करायची, तिला आणायला गाडी कुणी पाठवायची, हे दुसऱ्या कार्यालयाने ठरवायचे. मग ती खाट अडवून तिथेच पडून राही. ही तिहेरी रचना १९७४ पर्यंत तशीच चालली. घाईत घेतलेला निर्णय एकदा रुळला की उपटणे किती कठीण जाते, ते यात दिसते.

सर्वांत अवघड गाठ होती डॉक्टरांची. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने फेब्रुवारी १९४८ मध्ये, म्हणजे तारीख पाच महिन्यांवर आलेली असताना, सभासदांचे मत घेतले. सुमारे ४०,८०० विरोधात, सुमारे ४,७०० बाजूने. कोणत्याही सरकारची झोप उडावी असा हा निकाल. डॉक्टरांची भीती एका वाक्यात सांगता येते: आज ठरावीक ३०० पौंडांचा मूळ पगार देतील, उद्या पूर्ण पगारी नोकर करतील. एप्रिलमध्ये बेव्हन यांनी हमी दिली की नुसता नियम बदलून पूर्ण पगारी नोकरी लादली जाणार नाही. त्यासाठी संसदेतून नवा कायदाच करावा लागेल. मे महिन्यातल्या दुसऱ्या मतदानात विरोध २५,८०० च्या आसपास उतरला आणि बाजूची मते १४,६०० वर गेली. बहुमत अजूनही विरोधातच होते, पण विरोधात असलेल्या कुटुंब-डॉक्टरांची संख्या संघटनेनेच ठरवलेल्या रेषेच्या खाली आली, आणि तिने सामील होण्याचा सल्ला दिला.

यामागे दोन आर्थिक सौदे होते. त्या काळी डॉक्टर आपला दवाखाना रुग्णांसकट विकत असे आणि तरुण डॉक्टर कर्ज काढून तो घेत असे. ही विक्री बंद केली आणि बदल्यात ६ कोटी ६० लाख पौंडांची भरपाई ठेवली. ती बहुतांशी निवृत्तीच्या वेळी किंवा मृत्यूनंतर मिळणार होती, त्यामुळे तिजोरीवर एकदम बोजा पडला नाही. दुसरा सौदा रुग्णालयांतल्या तज्ज्ञांशी. त्यांना अर्धवेळ काम करून खाजगी रुग्ण पाहण्याची मुभा, सरकारी रुग्णालयात पैसे भरणाऱ्यांसाठी काही खाटा, आणि गुणवत्तेनुसार जादा मानधन. डाव्या गटाला हे झोंबले. खाजगी खाटांचा प्रश्न पुढे कित्येक दशके छळत राहिला, हेही खरे. तरी बेव्हन यांनी बरोबर केले असे मला ठामपणे वाटते. रुग्णाला उपचाराच्या क्षणी पैसे द्यावे लागू नयेत आणि रुग्णालये एका छत्राखाली यावीत, या दोन गोष्टींवर ते तसूभर हलले नाहीत. बाकी सगळे देऊन टाकायची त्यांची तयारी होती. काय सोडायचे नाही हे आधी ठरलेले असले की काय सोडायचे ते पटकन ठरते.

आता एक कागद जवळून पाहू. फेब्रुवारी १९४८ मध्ये सरकारने घरोघरी एक छोटे पत्रक पाठवले. त्याची सुरुवातच अशी की तुमची नवी आरोग्य सेवा ५ जुलैला सुरू होते. ती काय आहे, ती कशी मिळवायची. श्रीमंत असो वा गरीब, पुरुष, स्त्री किंवा मूल, कुणीही ती वापरू शकतो. काही मोजक्या गोष्टी सोडल्या तर शुल्क नाही. विमा भरलेला असण्याची अट नाही. मात्र हा दानधर्म नव्हे. तुम्ही सगळे मुख्यतः करदाते म्हणून त्याचे पैसे भरत आहात. पुढे सूचना सरळ: आताच डॉक्टर निवडा, त्याच्याकडून अर्ज घ्या, घरातल्या प्रत्येकासाठी एक भरा, त्याच्याकडे द्या. सरकारी पत्रकात सगळ्यात आधी लाभार्थ्याने काय करायचे ते असते की मंत्र्याचा फोटो असतो, यावरून त्या योजनेची पुढची वाट बरीचशी कळते. 'तुम्हीच पैसे भरता' हे वाक्य त्यात होते, तरी लोकांचा समज उलटाच झाला. नोकरदार पुरुषाच्या पगारातून दर आठवड्याला ४ शिलिंग ११ पेन्स विम्यासाठी कापले जात, आणि आरोग्य सेवा त्यातूनच चालते असे बहुतेकांना वाटे. प्रत्यक्षात त्यातला लहान हिस्सा तिकडे जाई; बाकी भार सर्वसाधारण करांवर होता. खर्च अंदाजापेक्षा कितीतरी वाढला तेव्हा अर्थखात्याच्या भुवया उंचावल्या त्या याच कारणाने.

आपल्याकडे नेमके त्याच वर्षांत काय चालले होते, तेही आठवले पाहिजे. नाशिकचे सर जोसेफ भोर यांच्या समितीचा आरोग्यविषयक अहवाल १९४६ चा. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व त्यातही स्पष्ट मांडलेले आहे. प्राथमिक केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयापर्यंतची साखळी, खाटा, माणसे, सगळ्याचा हिशेब आहे. नव्हती ती कुणाला बांधून ठेवणारी तारीख, आणि प्रांतांच्या तिजोरीत तेवढा पैसा. प्रा. बी. पी. आडारकरांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल १९४४ मध्येच दिला होता. त्यावर आधारलेला कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ मध्ये झाला आणि योजना प्रत्यक्ष सुरू झाली फेब्रुवारी १९५२ मध्ये, कानपूर आणि दिल्लीत. सुरुवातीला वैद्यकीय उपचार फक्त कामगारालाच, बायकामुले बाहेर. म्हणजे ब्रिटनने १९४८ मध्ये जी चूक दुरुस्त केली, तिथूनच आपण सुरुवात केली. नव्या, गरीब, फाळणीने होरपळलेल्या देशाची श्रीमंत देशाशी बरोबरी करणे अन्यायाचे ठरेल, मान्य. पण भोर अहवालाचे गोडवे गाताना त्यातल्या कोणत्या पानावर कोणती तारीख होती, हे आपण विचारत नाही.

आता उलट उदाहरण, कोळशाचे. १ जानेवारी १९४७ ला खाणी राष्ट्राच्या झाल्या. खाणींच्या तोंडाशी फलक लागले की ही खाण आता राष्ट्रीय कोळसा मंडळ जनतेच्या वतीने चालवते. आठशेहून अधिक कंपन्यांच्या मालकीच्या खाणी एका मंडळाखाली आल्या. मालकांना सुमारे १६ कोटी ४० लाख पौंडांची भरपाई ठरली. मंडळाचा साचा मॉरिसन यांचा होता, १९३३ च्या लंडन वाहतूक मंडळावरून घेतलेला: मंत्र्याने धोरण ठरवायचे, रोजचा कारभार तज्ज्ञांच्या मंडळाने पाहायचा. पक्ष पिढ्यान्‌पिढ्या राष्ट्रीयीकरणाची मागणी करत आला होता, पण तयार आराखडा काही नव्हता, असे इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनी स्वतःच पुढे सांगितले. मालकी बदलायचा कायदा वेळेत झाला. खाणकामगाराला कारभारात वाटा मात्र मिळाला नाही, आणि बऱ्याच ठिकाणी जुनाच व्यवस्थापक नव्या फलकाखाली बसला.

खरे संकट वेगळेच होते. कोळशाचा हिशेब सोपा असतो: उन्हाळ्यात साठा चढवायचा, हिवाळ्यात उतरवायचा. १९४६ च्या उन्हाळ्यात तो चढलाच नाही. खाणींतली माणसे युद्धाआधीपेक्षा कमी, कारखाने जोरात, आणि घरात कोळसा मिळत नाही म्हणून लोकांनी विजेच्या शेगड्या घेतल्या, त्यामुळे वीजकेंद्रांची भूक वाढली. पंतप्रधानांच्या कार्यालयातले अर्थशास्त्रज्ञ डग्लस जे उन्हाळ्यापासून सांगत होते की हिवाळा निभणार नाही. शिनवेल यांची भिस्त होती ती खाणकामगारांच्या उत्साहावर आणि सौम्य हवामानावर. जानेवारीच्या अखेरीस बर्फ आले. खाणीतून काढलेला कोळसा वॅगनमध्येच गोठला, कोळशाची जहाजे बंदरात अडकली. ७ फेब्रुवारीला शिनवेल यांनी संसदेत सांगितले की सोमवारपासून लंडन, आग्नेय भाग, मिडलँड्स आणि वायव्य भागातल्या कारखान्यांची वीज बंद. घरांतही सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २ ते ४ वीज नाही. वीस लाखांवर लोकांचे काम थांबले. हवामानाला दोष देणे सोपे होते आणि दिलाही गेला. पण बर्फ पडण्याआधी सहा महिने आकडे समोर होते. कारखान्यांना कोळशाचे वाटप आधीच थोडे-थोडे कापले असते, तर एकदम टाळे लागले नसते. वाईट बातमी शरद ऋतूत सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून ती हिवाळ्यात दुप्पट होऊन आली.

एकच सरकार, तेच पंतप्रधान, तेच अधिकारी, मग इतका फरक का? आरोग्यात चुकले तर कोणत्या दिवशी चुकले हे सगळ्यांना दिसणार होते. कोळशात तसा दिवस नव्हता. रोज थोडेथोडे चुकत होते. ॲटली यांची कामाची रीतच अशी होती की मंत्र्याने आपले खाते सांभाळावे, भांडण झाले तर समितीत यावे, आणि बैठक आटोपशीर असावी. सहा वर्षांत त्यांच्या सरकारने साडेचारशेवर स्थायी आणि तात्पुरत्या समित्या नेमल्या. कायद्यांची रांग लावण्याचे काम मॉरिसन यांच्या समितीकडे होते: कोणते विधेयक कोणत्या सत्रात, कोणते सभागृहाऐवजी स्थायी समितीत, सरकारी वकिलांना मसुद्याला किती आठवडे. १९४७ मध्ये वाहतूक आणि नगररचना या दोन विधेयकांवर स्थायी समितीतही चर्चेला कालमर्यादा घातली. तसे पूर्वी कधी झाले नव्हते. या यंत्रणेमुळेच इतके कायदे पार पडले. पण समितीसमोर तेच येते जे मंत्री आणतो. शिनवेल यांनी टाळले तोवर ॲटली यांनी खोदून विचारले नाही. हा दोष ॲटली यांचाच.

याच पद्धतीची दुसरी काळी बाजू म्हणजे अणुबॉम्ब. जानेवारी १९४७ मध्ये तो बनवण्याचा निर्णय मोजक्या मंत्र्यांच्या एका तात्पुरत्या समितीने घेतला. पूर्ण मंत्रिमंडळाला विचारले नाही. संसदेला कळले ते मे १९४८ मध्ये, एका प्रश्नाच्या ओझरत्या उत्तरात. रुग्णालयांच्या मालकीवर मंत्रिमंडळात महिनोन्‌महिने वाद घालू देणाऱ्या पंतप्रधानाने हे असे उरकावे, याचे समर्थन मला करता येत नाही.

माणसे सांभाळण्यात मात्र ॲटली यांचा हात धरणारा कुणी नव्हता. १९४७ च्या उन्हाळ्यात डॉलर आटले. १५ जुलैला खुला केलेला पौंड-डॉलर विनिमय २० ऑगस्टला बंद करावा लागला. सप्टेंबरात व्यापारमंत्री स्टॅफर्ड क्रिप्स थेट ॲटली यांच्याकडे गेले आणि म्हणाले, तुम्ही बाजूला व्हा, बेव्हिन यांना पंतप्रधान करा. ॲटली यांनी तिथूनच बेव्हिन यांना फोन लावला. बेव्हिन यांना ते पद नको होते. मग ॲटली यांनी क्रिप्स यांनाच आर्थिक व्यवहारांचे नवे खाते दिले. बंड करायला आलेला माणूस जबाबदारी घेऊन बाहेर पडला.

१९५१ च्या एप्रिलमध्ये हा हात नेमका गैरहजर होता. ॲटली अल्सरच्या उपचारांसाठी लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात होते. क्रिप्स आजारपणामुळे आधीच पदावरून गेले होते. बेव्हिन १४ एप्रिलला वारले. बेव्हन यांना आधी अर्थखाते नाकारले गेले होते, मग परराष्ट्र खाते. अशा वेळी नवे अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांनी कवळ्या आणि चष्म्यांवर अर्धी किंमत आकारण्याचे ठरवले. पहिल्या वर्षी त्यातून वाचणार होते १ कोटी ३० लाख पौंड. त्याच अर्थसंकल्पामागे तीन वर्षांचा ४७० कोटी पौंडांचा संरक्षण कार्यक्रम उभा होता. बेव्हन, हॅरोल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन यांनी राजीनामे दिले. बेव्हन यांची बाजूही निर्मळ नव्हती. औषधांच्या चिठ्ठीवर शुल्क लावण्याचा अधिकार देणारा १९४९ चा कायदा त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळातला. पण एवढ्या रकमेसाठी पक्ष उभा चिरू देणे ही गेट्सकेल यांची त्याहून मोठी चूक होती. ॲटली त्या खोलीत असते तर शुल्क वर्षभरापुरतेच अशी एखादी अट, एखादी मर्यादा निघाली असती, असे मला वाटते. रुग्णालयातून पाठवलेल्या पत्राने ते काम होत नाही.

ऑक्टोबर १९५१ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला सुमारे १ कोटी ३९ लाख मते पडली, विरोधकांपेक्षा दोन लाखांहून अधिक. जागा मात्र २९५, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह व त्यांच्या मित्रांना ३२१. विद्यापीठांचे वेगळे मतदारसंघ आणि व्यापाऱ्यांचे दुहेरी मत याच सरकारने १९४८ मध्ये रद्द केले होते. मतदारसंघांची फेररचनाही याच सरकारची. तिच्यामुळे मजूर पक्षाची मते खाणपट्ट्यांत आणि कारखान्यांच्या शहरांत ढिगाने साठली आणि वाया गेली. स्वतःच्या नुकसानीचा हिशेब समोर असताना त्यांनी सीमा ढकलल्या नाहीत. हे त्या सरकारच्या श्रेयाच्या यादीत वरच्या ओळीत लिहायला हवे, आणि ते सहसा लिहिले जात नाही.

चर्चिल परत आले. डिसेंबरात त्यांनीच संसदेत सांगितले की आधीच्या सरकारचा संरक्षण कार्यक्रम ठरल्या वेळेत पुरा होणार नाही, तो लांबवावा लागेल. पोलाद आणि मालट्रक त्यांच्या सरकारने खाजगी मालकांकडे परत नेले. आरोग्य सेवा उधळी आहे का हे तपासायला १९५३ मध्ये केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ गिलबॉड यांची समिती नेमली. १९५६ च्या अहवालात समितीने आकडे मांडले: १९४९-५० मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या पावणेचार टक्के असलेला या सेवेचा खर्च १९५३-५४ मध्ये सव्वातीन टक्क्यांवर आला होता. चष्म्यावरचे शुल्क तोवर कायम झाले होते.